सदाफुलीचं औषध शिरेतून घेताना

केमोच्या दिवशी लिम्फोमाच्या रुग्णाला जी औषधं चढवतात, त्यांतलं एक अगदी किरकोळ वाटतं. रिटुक्सिमॅबची बाटली पहिल्या खेपेला पाच-सहा तास चालते. डॉक्सोरुबिसिन लालभडक, त्यामुळे घरातल्या लहान मुलांनाही ‘लाल औषध’ म्हणून ते पाठ होतं. सायक्लोफॉस्फामाइडची सलाईन निवांत टपकत राहते. मग एका छोट्या पिशवीतून पाण्यासारखं स्वच्छ विनक्रिस्टीन येतं आणि पाच-दहा मिनिटांत संपतं. तेवढ्या वेळात नातेवाईक खाली जाऊन चहा पिऊन येतात.

केमोच्या डे-केअरमध्ये मी बावीस वर्षं सिस्टर म्हणून काम केलं. त्या बावीस वर्षांनी मला शिकवलं ते असं : घरी गेल्यावर सगळ्यांत जास्त दिवस ज्याच्याकडे लक्ष ठेवावं लागतं, ते हेच पाच-दहा मिनिटांचं औषध. आणि ते लक्ष डॉक्टर ठेवू शकत नाहीत, कारण डॉक्टर तुम्हाला एकवीस दिवसांतून एकदा भेटतात. ते ठेवायचं घरच्यांनी. कसं ठेवायचं, ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

आधी या औषधाची ओळख करून घेऊ. विनक्रिस्टीन सदाफुलीपासून मिळतं. तुमच्या-माझ्या अंगणात, तुळशीवृंदावनाच्या कडेला, पत्र्याच्या डब्यात बारा महिने फुलणारी तीच गुलाबी-पांढरी सदाफुली. हे झुडूप मूळचं मादागास्करचं. मधुमेहावर त्याच्या पानांचा काढा प्यायची पद्धत जशी आपल्याकडे आहे, तशी जमैकातही होती. तिथून 1952 साली थोडी पानं कॅनडातल्या रॉबर्ट नोबल यांच्या प्रयोगशाळेत पोहोचली. अर्क रक्तातली साखर उतरवतो का, हे पाहायचं होतं. साखर काही उतरली नाही, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने कमी झाल्या. पांढऱ्या पेशींवर चालणारं औषध पांढऱ्या पेशींच्याच कर्करोगावर चालेल, हा विचार तिथून पुढे आला. नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी विनब्लास्टीन वेगळं काढलं. मग अमेरिकेत एली लिली कंपनीच्या संशोधकांनी त्याच झाडातून विनक्रिस्टीन काढलं आणि 1963 साली त्याला तिथे परवानगी मिळाली. पेशी दुभंगताना तिच्या आत सूक्ष्म नळ्यांचा एक सांगाडा उभा राहतो. विनक्रिस्टीन तो सांगाडाच उभा राहू देत नाही, त्यामुळे कर्करोगाची पेशी दुभंगता दुभंगता मरते. तशाच सूक्ष्म नळ्या आपल्या नसांमध्येही असतात आणि त्यांच्यातून नसांच्या टोकापर्यंत पोषण पोहोचतं. पुढे मी ज्या त्रासांबद्दल सांगणार आहे, त्यांतल्या बहुतेकांचं कारण हे आहे.

सदाफुलीचं नाव ऐकलं की कुणीतरी हमखास विचारतं, ‘मग घरचीच पानं चावून खाल्ली तर?’ याचं उत्तर स्पष्ट आहे : नाही. वाळलेल्या पाल्याच्या प्रचंड ढिगातून हे द्रव्य ग्रॅमच्या हिशेबात निघतं आणि ते रुग्णाला मिलिग्रॅममध्ये मोजून देतात. पानात त्याच्याबरोबर इतर अनेक अल्कलॉइड असतात, कुठल्या पानात किती हे कुणी सांगू शकत नाही, आणि ते पोटातून नीट शोषलंही जात नाही. केमो चालू असताना सदाफुलीचा काढा घेणं म्हणजे आधीच खाली गेलेल्या पेशींवर आणखी एक अनोळखी घाव घालणं. देवाला वाहा, रांगोळीच्या कडेने मांडा, पण तोंडात घालू नका.

लिम्फोमा म्हणजे लसीका ग्रंथींचा कर्करोग आणि त्याचे प्रकार बरेच आहेत. प्रौढांमध्ये सर्वांत जास्त आढळणाऱ्या वेगाने वाढणाऱ्या प्रकाराला डॉक्टर ‘डिफ्यूज लार्ज बी सेल’ म्हणतात. त्यावर बहुतेक ठिकाणी ‘आर-चॉप’ हा औषधांचा संच देतात : रिटुक्सिमॅब, सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन, विनक्रिस्टीन आणि प्रेडनिसोलोनच्या गोळ्या. दर एकवीस दिवसांनी एक सायकल, आणि बहुधा सहा सायकली. नाव ऐकून घाबरलेल्या घरांना मी नेहमी एक गोष्ट आधी सांगत असे, ती इथेही सांगते. हा आजार पसरलेला असला तरी अनेकदा पूर्ण बरा होतो. या उपचाराने दहांतले साधारण सहा रुग्ण कायमचे बरे होतात. म्हणून त्रास सोसायचा की नाही, हा प्रश्न नाही. त्रास कसा ओळखायचा आणि वेळीच कसा सांगायचा, हा प्रश्न आहे.

पहिल्या सायकलीच्या आधी डॉक्टर भराभर तपासण्या लिहून देतात आणि आपण त्या करत सुटतो. काही गोष्टी मात्र तपासणीत दिसत नाहीत, त्या तुम्हीच बोलायला हव्यात. पूर्वी कधी कावीळ झाली होती का, हे सांगा. हिपॅटायटिस बीचा विषाणू यकृतात गुपचूप बसलेला असला तर रिटुक्सिमॅबने तो उसळू शकतो, आणि ते जिवावर बेततं. त्यासाठी रक्ताच्या दोन तपासण्या असतात, एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी. दोन्ही झाल्यात का, हे कागदावर पाहून घ्या. डॉक्सोरुबिसिनसाठी हृदयाची टूडी इको झालेली असावी. वय तरुण असेल आणि मूल हवं असेल तर केमोच्या आधी, नंतर नव्हे, वीर्य किंवा बीजांड जतन करण्याबद्दल विचारा. सासू-सासऱ्यांसमोर विचारायला लाज वाटते म्हणून तो प्रश्न राहून गेलेली जोडपी मी पाहिली आहेत. गेलेली ती वेळ परत आणता येत नाही.

आता खास विनक्रिस्टीनसाठी काय सांगायचं ते. मधुमेह असेल आणि तळपायांना आधीपासून मुंग्या येत असतील तर ते सांगा. घराण्यात कुणाची पावलं लहानपणापासून वाकडी किंवा बारीक होत गेली असतील तर तेही सांगा. काही आनुवंशिक नसांच्या विकारांत हे औषध देतच नाहीत, आणि असा विकार कधीकधी पहिल्यांदा लक्षात येतो तो विनक्रिस्टीन दिल्यावरच. शाकाहारी असाल किंवा मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेत असाल तर बी-12 तपासायला सांगा. बी-12 कमी असलं की नसा आधीच हळव्या असतात. मात्र स्वतःच्या मनाने बी-कॉम्प्लेक्सच्या मोठमोठ्या मात्रा सुरू करू नका. त्यातलं बी-6 फार दिवस भरमसाट घेतलं तर त्यानेच नसा बिघडतात.

आणखी दोन गोष्टी आपल्याकडे फार महत्त्वाच्या आहेत. मानेतली गाठ म्हटली की आपल्याकडे आधी क्षयरोगाची शंका येते, आणि लिम्फोमाचं निदान होण्याआधी काही महिने टीबीच्या गोळ्या घेतलेले रुग्ण नेहमी भेटतात. त्या गोळ्या चालू असतील तर सांगा, कारण त्यांतलं आयसोनियाझिड स्वतःच नसांना त्रास देतं आणि रिफाम्पिसिन दुसऱ्या औषधांचं गणित बदलतं. दुसरी गोष्ट गजकर्णाची. गेली काही वर्षं नायटा-गजकर्ण घरोघरी आहे आणि त्यावर इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल मेडिकलमधून सर्रास आणल्या जातात. विनक्रिस्टीन यकृतातून ज्या वाटेने बाहेर पडतं, ती वाट इट्राकोनॅझोल अडवतं. मग औषध अंगात साचतं आणि नेहमीच्या मात्रेतही विषासारखं वागतं. पोट पूर्ण बंद पडणं, झटके येणं असे प्रकार त्यातून झालेले आहेत. व्होरिकोनॅझोल आणि पोसॅकोनॅझोलचंही तसंच. म्हणून केमो चालू असताना त्वचेच्या, दातांच्या किंवा कुठल्याही दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर पहिलं वाक्य ‘मला विनक्रिस्टीन चालू आहे’ हे असू द्या. फिटसाठी फेनिटॉइन घेत असाल तरी तेच सांगा. ग्रेपफ्रूट आणि पपनस हे दिवस खाऊ नका. कोकणातल्यांना पपनसाचा मोह आवरणं कठीण, पण तीन-चार महिन्यांचाच तर प्रश्न आहे.

औषध तुम्ही स्वतः बाहेरच्या मेडिकलमधून विकत आणत असाल तर ते सदऱ्याच्या खिशात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उन्हातून आणू नका. विनक्रिस्टीन आणि रिटुक्सिमॅब दोन्ही 2 ते 8 अंशांत ठेवायची औषधं आहेत. थर्माकोलची पेटी आणि बर्फाची थंड पाकिटं मागून घ्या. कुपी बर्फाला थेट चिकटणार नाही, असं पाहा, कारण गोठलेलं औषधही वाया जातं. आदल्या रात्री आणून घरी ठेवायचं झालं तर फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, वरच्या बर्फाच्या कप्प्यात नको. पावती आणि बॅच नंबर जपून ठेवा.

मात्रेबद्दल एक गैरसमज वारंवार होतो. विनक्रिस्टीनची मात्रा उंची-वजनावरून शरीराचं क्षेत्रफळ काढून ठरते, दर चौरस मीटरला 1.4 मिलिग्रॅम. मध्यम बांध्याच्या माणसाचा हिशेब 2.38 मिलिग्रॅम असा येतो, पण कागदावर 2 मिलिग्रॅम लिहिलेलं असतं. ‘आमच्या माणसाला कमी का दिलं?’ असं विचारायला नातेवाईक येत. कमी दिलेलं नसतं. शरीर कितीही मोठं असलं तरी एका वेळी 2 मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही, अशी मर्यादा बहुतेक ठिकाणी पाळतात. ती नसांच्या रक्षणासाठी असते. कावीळ असेल तर मात्रा आणखी कमी करतात.

आता प्रत्यक्ष शिरेतून देण्याकडे येऊ. हे औषध शिरेत असेपर्यंत ठीक, पण शिरेबाहेर सांडलं तर मांस जाळतं. म्हणून सिस्टर शीर निवडायला वेळ लावतात, आधी साधं सलाईन सोडून पाहतात, रक्त परत येतंय का बघतात. तेव्हा घाई करू नका. मनगटाच्या आणि कोपराच्या सांध्यावरची शीर शक्यतो टाळतात, पुढच्या हाताची चांगली. औषध चालू असताना तो हात हलवू नका, त्या हाताने मोबाइल पाहू नका, आणि त्या पाच-दहा मिनिटांत बाथरूमला उठू नका. आधीच जाऊन या. सुईच्या जागी जळजळलं, टोचल्यासारखं झालं, फुगलं किंवा ताणलं गेलं तर तत्क्षणी हाक मारा. ‘सिस्टर कामात आहेत, बाटली संपली की सांगू’ हा भिडस्तपणा इथे परवडत नाही. शिरा बारीक झाल्या असतील तर डॉक्टर छातीत पोर्ट किंवा दंडातून पिक लाइन बसवायचं सुचवतात. खर्च आहे, थोडी काळजीही घ्यावी लागते, पण सहा सायकली शीर शोधत हात टोचून घेण्यापेक्षा ते पुष्कळ बरं.

औषध सांडलं तर शेकण्याबद्दल एक नियम नीट ध्यानात ठेवा, कारण घरी गेल्यावर नेमकं उलटं होतं. लाल औषध सांडलं तर थंड शेक देतात. विनक्रिस्टीन सांडलं तर गरम शेक देतात, कारण थंडाव्याने ते त्याच जागी साचून जास्त इजा करतं. आपला घरचा संस्कार सूज दिसली की बर्फ लावायचा. तो इथे चुकीचा ठरतो. कुठलं औषध सांडलं हे सिस्टरना विचारून कागदावर लिहून घ्या आणि त्या सांगतील तसाच, सोसवेल इतपतच शेक द्या. हळदीचा लेप, मलम, तेल-मालिश काही नको. दोन-तीन दिवसांनी कातडी काळसर किंवा पाणी भरल्यासारखी दिसू लागली तर लगेच दाखवा.

आणखी एक सावधगिरी आहे, आणि ती मी जपून लिहिते, कारण मला भीती पसरवायची नाही. काही लिम्फोमांत आजार मेंदूकडे जाऊ नये म्हणून पाठीच्या मणक्यातूनही औषध देतात, बहुधा मेथोट्रेक्सेट. विनक्रिस्टीन मात्र मणक्यातून कधीही, कुठल्याही परिस्थितीत द्यायचं नसतं. चुकून तसं झालं तर माणूस बहुधा वाचत नाही. जगात असे अपघात झाले आहेत. सुशिक्षित, अनुभवी हातांकडून, मोठ्या रुग्णालयांत झाले आहेत. दोन सिरिंजा एका ट्रेमध्ये आल्या, एवढंच कारण त्याला पुरलं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 2007 साली सूचना दिली की विनक्रिस्टीन सिरिंजमध्ये भरूच नये, ते सलाईनच्या छोट्या पिशवीत मिसळून द्यावं. पिशवी हातात घेऊन कुणी मणक्यात टोचायला जाणार नाही, इतका तो साधा उपाय आहे. तुम्ही काय कराल? मणक्यातल्या इंजेक्शनचा आणि विनक्रिस्टीनचा दिवस एकच पडला असेल तर विचारा, ‘डॉक्टर, दोन्ही वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या ठिकाणी देणार ना?’ चांगल्या सिस्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. मला कुणी असं विचारलं की बरं वाटायचं, कारण लक्ष ठेवणारी आणखी एक नजर वाढायची.

आता घर. पहिल्या दोन-तीन दिवसांत जबडा दुखू शकतो, दाढ ठणकल्यासारखा. लोक दंतवैद्याकडे पळतात. बहुतेकदा ते विनक्रिस्टीनचं असतं आणि आपोआप जातं. दात काढायला बसू नका, केमोच्या डॉक्टरांना विचारा. आवाज बसला, पापणी खाली आली, लघवी तुंबायला लागली (विशेषतः प्रोस्टेट वाढलेल्या वयस्क पुरुषांना), तर मात्र वाट पाहू नका. फार गुंगी आली, माणूस गोंधळल्यासारखा बोलू लागला तर रक्तातलं सोडियम उतरलेलं असू शकतं. तेव्हा त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

या सगळ्यापेक्षा जास्त लोकांना त्रास देतं ते पोट. हे औषध आतड्यांच्या नसा मंदावतं. त्यात उलटीची औषधं आणि वेदनाशामकं आतडी आणखी मंद करतात. तिसऱ्या दिवसापासून दहाव्या दिवसापर्यंत बद्धकोष्ठता हा जवळजवळ ठरलेला प्रकार आहे. म्हणून पोट बंद व्हायची वाट न पाहता केमोच्या दिवसापासूनच मल मऊ करणारं आणि आतडी हलवणारं औषध सुरू करायचं असतं : लॅक्ट्युलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पूड, जोडीला सेन्ना किंवा बिसाकोडिल. चिठ्ठीवर ते लिहिलेलं नसेल तर मागून घ्या. दोन दिवस शौचाला झालं नाही तर फोन करा, पाचव्या दिवसाची वाट पाहू नका.

इथे एका द्राक्षबागायतदाराची आठवण येते. दुसऱ्या सायकलीनंतर सहा दिवस त्यांचं पोट साफ झालं नव्हतं. छाटणीचे दिवस, बागेत माणसं लावलेली, म्हणून ते बोलले नाहीत. घरच्यांनी आधी इसबगोल दिलं, मग एरंडेल. सातव्या दिवशी पोट नगाऱ्यासारखं फुगलं, उलट्या सुरू झाल्या, वारा सरेना. आतड्यांची हालचाल थांबली होती. नाकातून नळी घालून आठ दिवस दाखल ठेवावं लागलं आणि पुढची सायकल लांबली. घरच्यांनी दिलेल्या दोन्ही गोष्टी एरवी चांगल्या आहेत. पण आतडीच हलत नसतील आणि पाणी कमी जात असेल, तर इसबगोल आत फुगून बसतं. पोट फुगलंय आणि उलटी होतेय अशा वेळी कुठलंच जुलाबाचं औषध घरी द्यायचं नाही. आणि एनिमा किंवा गुदद्वारातून घ्यायची वडी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीच नको. पांढऱ्या पेशी कमी असताना तिथे झालेली जराशी इजासुद्धा रक्तात जंतू सोडू शकते.

खाण्याच्या बाबतीत मी फार निर्बंध घालत नसे. शिजवलेलं, ताजं, गरम अन्न, सोललेली फळं, उकळून गार केलेलं पाणी दिवसाला अडीच-तीन लिटर, अर्थात हृदय-मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलेलं नसेल तर. पाण्याने पोट साफ होतं आणि सायक्लोफॉस्फामाइडने मूत्राशयाला होणारी जळजळही टळते. लाल औषधानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर येते, ते रक्त नसतं. संध्याकाळी अंगणात दहा मिनिटं चालणं आतड्यांना जेवढं हलवतं, तेवढं फार थोड्या गोष्टी हलवतात.

ताप हा विषय विनक्रिस्टीनचा नाही, संपूर्ण केमोचा आहे, पण तो वगळून हा लेख पूर्ण होऊ शकत नाही. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या काळात थर्मामीटर 100.4 अंश फॅरनहाइट दाखवू लागला की रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालयात निघा. पॅरासिटामॉल देऊन ‘सकाळपर्यंत पाहू’ म्हणू नका. गोळीने ताप उतरतो, जंतू उतरत नाहीत.

आता नसा, म्हणजे या लेखाचा गाभा. विनक्रिस्टीनचा परिणाम लांब नसांच्या टोकांवर आधी होतो, म्हणून सुरुवात बोटांपासून होते. दुसऱ्या-तिसऱ्या सायकलीनंतर बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, मग थोडी बधिरता, मग ताकद कमी होते. अहवालात हे कुठेच उमटत नाही. घरात मात्र उमटतं. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो. ब्लाउजचा हूक हाताला सापडत नाही. सुईत दोरा जात नाही, रांगोळीची रेघ चिमटीतून जाड पडते, नाणं खिशातून नीट उचलता येत नाही. लायटरचा खटका दाबताना अंगठा थकतो. चप्पल पायातून निसटते आणि पाय जमिनीला टेकल्यावर कळतं. टाचांवर चालता येत नाही, चवडा खाली लोंबतो आणि उंबरठ्याला ठेच लागते. या प्रत्येक गोष्टीला वैद्यकीय नाव आहे. तुम्हाला ते ठाऊक असायची गरज नाही. ‘परवापासून चप्पल निसटते’ एवढं वाक्य डॉक्टरांना पुरतं.

माझ्या पाहण्यातले एक निवृत्त शिक्षक होते. बोलण्यात टापटीप, कपडे इस्त्रीचे. प्रत्येक वेळी विचारलं की ‘उत्तम’ म्हणायचे. चौथ्या सायकलीला आले तेव्हा माझं लक्ष त्यांच्या बुटांच्या लेसकडे गेलं, गाठ त्यांच्या बाजूने मारलेली नव्हती. मुलाने समोर बसून मारली होती. मग त्यांच्या पत्नीला बाजूला घेऊन विचारलं, तर सहा आठवडे शर्टाची बटणं त्याच लावत होत्या. सरांनी त्यांना शपथ घातली होती, सांगितलंस तर औषध बंद करतील आणि आजार उलटेल. असं लपवणारे ते एकटे नव्हते. मी सांगेन, दहांतले चार-पाच तरी लपवतात, आणि कारण प्रत्येकाचं हेच असतं.

म्हणून हे नीट वाचा. नसांचा त्रास सांगितला म्हणजे उपचार बंद होत नाहीत. डॉक्टर विनक्रिस्टीनची मात्रा कमी करतात, गरज पडली तर एखाद्या सायकलीत ते एकटं वगळतात. बाकीची चार औषधं आपलं काम करत राहतात. या आजारावरच्या एका नव्या संचात तर विनक्रिस्टीनच्या जागी पोलाटुझुमॅब नावाचं औषध वापरतात. ते फार महाग आहे आणि प्रत्येकासाठी लागतंच असं नाही, पण विनक्रिस्टीन कमी झालं म्हणजे आशा संपली असं मुळीच नाही, हे त्यावरून कळावं. लपवलं तर मात्र नुकसान पक्कं. मुंग्यांच्या पायरीवर मात्रा कमी केली तर नसा बहुधा पुष्कळ सावरतात. पाऊल लोंबेपर्यंत थांबलं तर सावरायला महिनेच्या महिने जातात, आणि कधी थोडी उणीव कायम राहते. शेवटच्या सायकलीनंतरही काही आठवडे हा त्रास वाढत राहू शकतो, तेव्हा ‘औषध संपलं तरी हे का वाढतंय’ म्हणून घाबरू नका. तो उतरणीला लागायला वेळ घेतो.

तोवर घरात काही बदल करा. बधिर पायाला चटका किंवा खडा लागला तरी कळत नाही, म्हणून अनवाणी फिरणं बंद, आणि रोज रात्री तळपाय कुणीतरी डोळ्यांनी पाहायचे. अंघोळीचं पाणी दुसऱ्याने तपासायचं. तवा, कुकर चिमट्याने किंवा कापडाने धरायचा, आणि शक्य तर पोळ्यांचं काम काही महिने दुसऱ्या कुणाकडे द्यायचं. न्हाणीघरात घसरणार नाही अशी चटई आणि रात्री एक दिवा ठेवा. पायात पट्ट्याची सँडल घाला, अंगठ्याची चप्पल नको. ब्रेकवर पाय नेमका पडतो की नाही याची खात्री नसेल तर दुचाकी चालवू नका. चवडा लोंबत असेल तर फिजिओथेरपिस्ट एक पट्टा देतात, त्याने पडणं टळतं. प्रेडनिसोलोनच्या गोळ्या पाच दिवस सकाळी जेवणानंतर घ्यायच्या, आणि मधुमेहींनी त्या दिवसांत साखर रोज मोजायची. वाढलेली साखर नसांवर दुसरा भार टाकते.

पैशांबद्दल दोन वाक्यं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमोथेरपी येते, योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात, त्यांना पहिल्याच दिवशी भेटा, बिल झाल्यावर नव्हे. उपचारासाठी रेल्वेने जायचं असेल तर रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर कर्करुग्णाला भाड्यात मोठी सवलत आहे, स्लीपर आणि थ्री-टियर एसीत पूर्ण, आणि सोबतच्या एका माणसालाही सवलत मिळते.

एक वही करा, शाळेची चाळीस पानी पुरे. केमोची तारीख, शौचाला कधी झालं, ताप किती, आणि बटणं, चप्पल, जिना यांत आज काही वेगळं वाटलं का, हे रोज रात्री घरातल्या एकाने लिहायचं. रुग्णाला लिहायला सांगू नका, तो ‘ठीक’ लिहितो. आणि पुढच्या खेपेला सुई टोचण्याआधी सिस्टर ‘कसं आहे?’ विचारतील तेव्हा ‘बरं आहे’ म्हणून हात पुढे करू नका. आधी ती वही पुढे करा.